पाऱ्याच्या ट्रेवरचा हात

भूतबाधा, करणी, बाहेरचं... यातलं मी कधीच काही मानलं नाही. मी रसायनशास्त्र शिकवते. माहेर तासगाव, सासर कराड, नोकरी कोयनानगरच्या बाजूला एका ज्युनिअर कॉलेजात. कॉलेजचं नाव देत नाही, कारण अजून तिथेच आहे.

आमच्याकडे भूकंपाचे बारीक धक्के नेहमीचेच, म्हणून लॅबमधला पारा आणि शिशाचे, कॅडमियमचे क्षार सगळ्यात खालच्या कप्प्यात असायचे. दिवाळीच्या सुट्टीत ते पॅक करून विषारी कचरा नेणाऱ्या एजन्सीला द्यायचं ठरलं. मदतीला लॅब अटेंडंट शंकरदादा. पन्नाशीचे. त्यांचा माझ्यावर राग होता — मी आल्या आल्या लॅबमधला चहा आणि तंबाखू बंद केला होता.

"दादा, हातमोजे घाला. मास्कपण."

"आवं मॅडम, शाळंत असताना पारा तळहातावर खेळवलाय आमी. काय झालं न्हाई."

"त्याची वाफ दिसत नाही, वास येत नाही. म्हणूनच घाला."

माझे मी आधीच घातले होते. त्यांनीही घातले, पण तोंड वाकडं करून.

भर दुपार. खिडक्या उघड्या, एक्झॉस्ट चालू. फुटक्या बॅरोमीटरमधला पारा मी ट्रेवर धरून जाड बाटलीत ओतत होते. तेवढ्यात माझ्या मास्कचा पट्टा मागून कुणीतरी ओढला.

"दादा, चेष्टा नको."

"मी हितं हाय न्हवं," आवाज समोरून आला. दादा टेबलापलीकडे लेबलं चिकटवत होते.

केसात अडकला असेल, म्हणून मी पट्टा घट्ट केला. पुन्हा हिसका बसला आणि मास्क थेट हनुवटीखाली आला. माझ्या पाठीमागे फक्त भिंत होती. मी बाटली ट्रेमध्ये ठेवली आणि म्हणाले, "चला, बाहेर जाऊ."

"भ्यालासा व्हय? व्हा बाजूला." दादा हसत पुढं आले आणि झाकण लावायला वाकले.

त्यांचा हात तिथंच थांबला. मनगटावर, मोज्याच्या रबरात, चार खड्डे पडलेले मला स्पष्ट दिसले... बोटं रुतल्यासारखे. मग त्यांचा मास्क उडाला आणि डोकं खाली जायला लागलं, पाऱ्याकडे. मी दोन्ही हातांनी त्यांचा शर्ट पाठीमागून धरला आणि जीव खाऊन ओढला. ट्रे उलटला. आम्ही दोघं दाराशी पडलो, तसेच बाहेर सरपटलो आणि दार ओढून घेतलं.

प्राचार्य म्हणाले, भूकंपाचा धक्का बसला असेल. त्या दुपारी कॉलनीत कुणालाच धक्का जाणवला नव्हता. पाऱ्यानं डोक्यावर परिणाम होतो हे मीच शिकवते, म्हणून कराडला दोघांच्याही तपासण्या केल्या. नॉर्मल. दादांच्या मनगटावरचे वळ मात्र डॉक्टरांनीही पाहिले. एजन्सीची माणसं येऊन सगळं साफ करून गेली, त्यांना काही झालं नाही.

दादांनी लायब्ररीत बदली मागून घेतली आणि माझ्याशी बोलणं टाकलं. परवा मीच त्यांना गाठलं. नक्की काय झालं होतं, विचारलं.

"मानंवर हात हुता, मॅडम. खाली दाबत हुता." ते माझ्याकडे बघतही नव्हते. "रबराचा. मोजं घातलेला. खोलीत मोजं घालून दुसरं कोण हुतं, तुमीच सांगा."

माझे दोन्ही हात त्यांना वर ओढत होते, एवढं मला पक्कं माहीत आहे. त्यांना ते पटत नाही. आणि तिसरा हात कुणाचा होता, हे मला सांगता येत नाही.