उघाडीच्या फळ्या कोणी लावल्या?

ती केस आठवली की आजही माझं डोकं तापतं. दोन हजारनंतरची सुरुवातीची वर्षं होती, मी भिवंडीत तपास अधिकारी होतो. राहनाळच्या पुढं खाडीकाठी एका आगरी शेतकऱ्यानं खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी चढणाऱ्या खारजमिनीत, कोळंबीचं तळं केलं होतं. एका सकाळी तो मेलेल्या कोळंबीची बादली घेऊनच पोलीस ठाण्यात आला आणि ती त्यानं ठाणे अंमलदाराच्या टेबलावर आपटली.

"सायेब, धाकट्या भावानं इष घातलाय माझ्या तल्यात. सगला मेला!"

दोघा भावांत बांधावरून अबोला. तळ्याच्या तोंडाशी लाकडी फळ्यांची उघाडी होती. भरतीला फळ्या काढून खाडीचं पाणी आत घ्यायचं. धाकट्याला भरदुपारी तिथं वाकलेला गावातल्या दोघांनी पाहिला होता. आम्ही त्याला चौकशीला आणला, तोवर गावानं निकालही लावून टाकला. त्याच्या बायकोला विहिरीवर कोणी उभं करीना.

"उघाडीशी काय करत होतास?" मी विचारलं. गप्प. दरडावलं, तरी गप्प. खोटा माणूस लगेच पोराबाळांच्या शपथा घेतो, हा तीही घेईना. मला काही पटेना.

पंचनामा करून पाण्याचे आणि कोळंबीचे नमुने तपासायला प्रयोगशाळेत पाठवले. तिथल्या मॅडमनी फोन केला. "साहेब, विष नाही. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आहे."

"म्हणजे गुन्हाच नाही?"

"असं कुठं म्हटलं मी? त्या रोगाचा विषाणू अंगात असूनही कोळंबी पुष्कळदा तग धरते. पण पाणी सारखं गरम, घाण, त्यात प्राणवायू कमी, असं होत राहिलं की तिची प्रतिकारशक्ती खचते. मग रोग फोफावतो. तुमच्या नमुन्यात कापड रंगवायचा रंग सापडलाय."

रंग म्हटल्यावर मी खबऱ्याला तिथं खाडीला मिळणाऱ्या नाल्याच्या मागावर लावला. दोन दिवसांत तो बातमी घेऊन आला: भरती चढली की एका डाइंगमधून, कापड रंगवायच्या कारखान्यातून, नाल्यात वाफाळतं लाल पाणी सुटतं. तिथल्या बॉयलरवाल्याला बोलावलं. फार ताणावं लागलं नाही.

"सेठ बोला, भरती में ही छोड़ने का. दरिया सब खा जाता है, साहब."

दरिया खातो म्हणे! अरे, दरियाच्या काठी माणसं राहतात की नाही?

मी थोरल्याला बोलावून घेतलं आणि त्याच्यासमोरच धाकट्याला विचारलं, "लाल पाणी पाहिलं होतंस तू?"

त्याला रडूच फुटलं. "हाय ना, सायेब. म्हनून तर फल्या लावायचो. मी लावायचो, दादा काढायचा. सख्खा भाऊच इष घातला म्हनतो म्हटल्यावर तुमाला काय सांगू?"

कोळंबी मलूल दिसली की भरतीचं ताजं पाणी द्यायचं, ही तिथली रीत. थोरला तेच करत होता. जितकी ती मलूल होई, तितकी तो उघाडी जास्त उघडी ठेवी, आणि खाडीत मिसळून फिकं झालेलं तेच रंगाचं पाणी आत येई.

"मना वाटला, जलून पानी तोडतोय माझा," तो पुटपुटला. "सांगितला का न्हाय रं?"

"तुझा माझा बोलना हाय का?"

थोरला उठला. त्यानं भावाचा हात धरला आणि त्याला गावातून, सगळ्यांच्या दारांवरून, चालवत घरी नेला.

आणि शेठ? मी संबंधित खात्याला सविस्तर अहवाल धाडला. त्यांचे साहेब शेठला आधी फोन करून आले, तेही ओहोटीला! नाल्यात नितळ पाणी. 'दोष आढळला नाही' असा शेरा मारून, चहा पिऊन गेले. मी वरपर्यंत भांडलो. "कोळंबीसाठी एवढं काय लावून धरलंय?" असं मलाच ऐकवलं गेलं. तळं बुजलं, आज तिथं गोदाम आहे.

सख्ख्या भावावर संशय घ्यायला आपल्याला नुसता अबोला पुरतो, आणि शेठवर संशय घ्यायला तपासणीचा अहवाल, साक्षीदार, सगळं असूनही पुरत नाही. त्या केसनं मला हे शिकवलं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण मला ते अजून मान्य नाही.