सुभद्राआत्या आणि गोळी खाल्लेली कोंबडी

भूगावात खोली बघायला आम्ही नवराबायको गेलो, तेव्हा घरमालकीण सुभद्राआत्यांनी आमचं आडनाव विचारलं नाही की नोकरी विचारली नाही. पायरीवर बसून त्या लसूण सोलत होत्या. आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळून त्यांनी पहिला प्रश्न टाकला, "झोपताना काय घेता?"

"दूध," माझा नवरा गोंधळून म्हणाला.

"दूध न्हाई वो. गोळी. झोपंची गोळी."

आम्ही दोघांनी नकारार्थी माना हलवल्या, तेव्हा त्यांनी लसणाची परात बाजूला सारून आम्हाला बसायला जागा केली. 'घेतो' म्हणालो असतो तरी खोली मिळालीच असती, हे मला पुढे कळलं. फक्त चहाबरोबर व्याख्यान ऐकावं लागलं असतं.

आत्यांचे यजमान गेले तेव्हा त्यांची झोपच उडाली होती. डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी म्हणून एक बारीकशी गोळी लिहून दिली. ते थोडे दिवस संपले कधी, हे कुणी सांगितलं नाही आणि आत्यांनीही विचारलं नाही. चिठ्ठी जुनी आणि गोळी नवी, असं वर्षानुवर्षं चाललं. हळूहळू दिवसाही त्या अर्ध्या झोपेत वावरू लागल्या. पुतण्याच्या लग्नात त्यांना उभ्याउभ्या डुलकी लागली आणि मूठभर अक्षता भटजींच्या कानात गेल्या. एकदा त्यांनी कालवणात मिठाऐवजी रांगोळी घातली. "समदी गप खात व्हती," त्या सांगायच्या. "त्यास्नी वाटलं, आत्याच्या हाताला आता अशीच चव हाय."

मग एके सकाळी न्हाणीघरात तोल जाऊन पडल्या आणि मनगट मोडलं. पौडच्या डॉक्टरीणबाईंनी प्लास्टर घालताना सगळी चौकशी केली आणि तोल जाण्यामागे ही गोळी असावी, असं सांगितलं. आत्यांचा स्वभाव एक घाव दोन तुकडे. घरी येऊन त्यांनी गोळ्यांचं पाकीट उकिरड्यात फेकलं. दोन-चार दिवसांतच हात थरथरू लागले, छाती धडधडू लागली, अंगावर मुंग्या चढल्यागत झालं. आत्या पुन्हा दवाखान्यात. डॉक्टरीणबाई चांगल्याच रागावल्या. इतक्या वर्षांची गोळी एकदम बंद करायची नसते, झटकेसुद्धा येऊ शकतात. मी सांगेन तशी, थोडीथोडी कमी करायची, असं त्यांनी बजावलं. गोळी पुन्हा सुरू झाली, आणि मग कुठे उतरण लागली. तिला वर्षाच्या वर लागलं. आत्यांचं त्यावरचं म्हणणं ठरलेलं होतं: "घाट हाय त्यो. ताम्हिणीतनं गाडी न्यूट्रल करून उतरवतंय का कुनी?"

या उतरणीतच कोंबडी आली. अर्धी गोळी घ्यायला सांगितली होती, म्हणून आत्यांनी ती अडकित्त्यात धरली. अर्धी हातात राहिली, अर्धी उडून अंगणात गेली आणि एका तांबड्या कोंबडीने ती टिपली. कोंबडी तुळशीपाशी जी आडवी झाली, ती दुसऱ्या दिवशी कोंबडा आरवला तरी उठेना. सुनेने वाटण करायला घेतलं. खोबरं भाजून झालं, तेव्हा कोंबडीने एक डोळा उघडला. आत्यांनी तिला त्याच दिवशी जन्मभराचं अभय दिलं. "अर्ध्या कपचीनं हिची ही गत," त्या म्हणाल्या, "मी तर अख्खी खात व्हते."

तेव्हापासून त्या दोघी मिळून प्रचार करू लागल्या. बचत गटाची बैठक असो की कुणाचं बारसं, आत्या पाटीत कोंबडी घेऊन हजर. माझ्या स्कूटरवर मागे बसून त्या नेऱ्यापर्यंत जाऊन आल्या.

सूसच्या एका सोसायटीत माझी मैत्रीण राहायची. तिने तिथल्या ज्येष्ठ मंडळींसाठी आत्यांना बोलावलं. फाटकावरच्या रखवालदाराला प्रत्येक पाहुण्याची नोंद फोनवर करायची होती. त्याने पाटीत डोकावून विचारलं, "मुर्गी किसके फ्लैट में जाएगी?"

"माझ्यासंगं हाय ती," आत्या म्हणाल्या. "पाव्हनी म्हनून लिव्ह."

सभागृहात जोगळेकरकाका नावाचे निवृत्त इंजिनिअर पहिल्या रांगेत बसले होते. ते उठून म्हणाले, "माझी गोळी डॉक्टरांनी लिहून दिलेली आहे. तिला व्यसन म्हणणं अत्यंत अनुचित आहे."

"येसन कोन म्हनतंय?" आत्या म्हणाल्या. "मला बी डाक्टरनंच दिली व्हती, हातभट्टीवाल्यानं न्हाई. आपन चोरी केली न्हाई, मंग लाजायचं कशापायी? निस्तं इचारायचं डाक्टरला, ही अजून किती दिस घ्यायची."

मागून जोगळेकरकाकूंचा आवाज आला, "परवा यांनी मला कामवाल्या बाईंच्या नावाने हाक मारली, आणि त्यांना माझ्या."

सगळे हसले. काका लालबुंद झाले. त्यांनी खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि ते तडक कचऱ्याच्या डब्याकडे निघाले. आत्या अशा उठल्या की पाटी कलंडली आणि कोंबडी फडफडत कॅरमवर जाऊन बसली. आत्यांनी काकांचं मनगट धरलं. "आसं न्हाई करायचं, भाऊ," त्या एकदम हलक्या आवाजात म्हणाल्या. "मी केलं व्हतं. ह्या हातात पान्याचं भांडं ठरत नव्हतं. मरती म्हनून लेकाला बोलावनं धाडलं व्हतं." काकांनी पाकीट पुन्हा खिशात ठेवलं. पुढच्या आठवड्यात ते आपल्या डॉक्टरांकडे गेले. बरोबर काकू होत्या आणि आत्याही होत्या. कोंबडीला मात्र त्या दिवशी घरी ठेवलं.

काकांची गोळी सुटायला बराच काळ गेला. मधे दोनदा त्यांचा धीर सुटला, आणि दोन्ही वेळा आत्या माझ्या स्कूटरवर बसून सूसला गेल्या.

गेल्या हिवाळ्यात त्याच सोसायटीने आत्यांचा सत्कार ठेवला. शाल झाली, नारळ झाला, आणि प्रमुख पाहुणे भाषणाला उभे राहिले. विषय निद्रेचं महत्त्व हाच होता. थोड्याच वेळात व्यासपीठावरून घोरण्याचा आवाज येऊ लागला. आत्यांची मान शालीत रुतली होती. मी उठवायला निघाले, तर जोगळेकरकाकांनी मला हाताने थांबवलं. मग ते चवड्यांवर चालत गेले आणि त्यांनी माइक बंद केला. प्रमुख पाहुण्यांनी उरलेलं भाषण कुजबुजत पूर्ण केलं. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत.

चहाच्या कपांच्या आवाजाने आत्या जाग्या झाल्या. पदर सावरून त्यांनी पाहुण्यांकडे बघितलं आणि मनापासून म्हणाल्या, "लई ग्वाड बोललात बघा."