उम्म सनदची सरासरी

जॉर्डनच्या इर्बिद शहरात निकालाच्या दिवसांत लोक खुशाली विचारत नाहीत, नुसतं "किती?" म्हणतात. जिन्यात, भाजीवाल्याकडे, थेट गच्चीवरून. इतिदाल, म्हणजे आमची उम्म सनद, सनदची आणि आणखी चार लेकरांची आई. त्रेचाळिसाव्या वर्षी ती विद्यापीठात भूगोल शिकायला गेली, आणि तेव्हापासून या प्रश्नाला "अल्लाची कृपा!" म्हणत सटकायची. सांगणार तरी काय? चारपैकी एक पॉइंट आठ. आता तर पत्रच आलं होतं: या सत्रात सरासरी दोनवर आली नाही, तर नाव कमी.

समोरच्या उम्म हाझिमला वास लागलाच होता. तिच्या लेकाला बारावीला चौऱ्याण्णव टक्के पडले, तेव्हा तिने गल्लीभर कुनाफा, म्हणजे पाकातली चीजची मिठाई, वाटला होता आणि संध्याकाळपर्यंत गाड्यांचे भोंगे वाजवून घेतले होते. "अगं, सुना आणायच्या वयात वह्या कसल्या घेऊन बसलीस!" असं ती हसून म्हणायची. ते हसणं इतिदालला मिरचीसारखं झोंबायचं.

बाई आळशी असती तर मी म्हटलं असतं, भोग आपल्या कर्माची फळं. पण ही पहाटे उठून घासून अभ्यास करायची! प्रत्येक विषयाला रोज एक तास, कुणावर अन्याय नाही. आईचाच हिशेब तो.

शुक्रवारी मकलूबाचं, म्हणजे मटण-भाताचं, भांडं ताटात उपडं करून ती वाढत होती. थोरली रंद, शाळेत गणित शिकवणारी, आईची गुणपत्रिका घेऊन बसली आणि तिने कपाळावर हात मारला.

"यम्मा, ग्रंथालयाच्या विषयात पैकीच्या पैकी, आणि संख्याशास्त्रात नापास?"

"मग? एकात तरी चमकले ना!"

"तो विषय आठवड्याला एका तासाचा गं. संख्याशास्त्र तीन तासांचं. सरासरीत ते तिप्पट वजनाचं असतं." रंदने ताटांकडे बोट केलं. "सनदला आणि छोट्या लीनला तू सारखाच भात वाढतेस का?"

"वेडी आहेस का? तो रेड्यासारखा खातो."

"मग विषयांनाही तसंच वाढ. ज्याचं तोंड मोठं, त्याला जास्त वेळ. आणि संख्याशास्त्र पुन्हा घे. पास झालीस की जुना भोपळा हिशेबातून पुसला जातो. नवे विषय घेऊन तो कधीच झाकला जायचा नाही."

इतिदालच्या हातातला डाव तिथेच थांबला. पुन्हा? त्याच वर्गात, त्याच पोरसवदा प्राध्यापकासमोर? त्याने मागे "खाला, जमेल ना?" असं मावशी म्हणून विचारलं होतं, तेव्हा धरणी दुभंगावी असं तिला वाटलं होतं.

"लाज वाटते गं," ती म्हणाली.

"नाव कमी झालं तर कमी वाटेल?"

गेली बाई. पहिल्या बाकावर जाऊन बसली. समजलं नाही की हात वर. पोरं हसली, तर म्हणायची, "हसा, हसा! परीक्षेत कोण हसतंय ते बघू." घरी अबू सनदने, म्हणजे नवऱ्याने, संध्याकाळचा चहा आणि भांडी अंगावर घेतली. चहा भयंकर करायचा, पण कुणी तक्रार केली नाही.

निकाल लागला. दोन पॉइंट शून्य तीन.

इतिदालने कुनाफ्याचं आख्खं तबक मागवलं. अबू सनद पुटपुटला, "अगं, नव्वदच्या वर मिळाले की वाटतात तो."

"मी माझ्या आनंदाचा वाटते!"

समोरच्या गच्चीवरून हाक आलीच. "उम्म सनद, किती?"

"दोन पॉइंट शून्य तीन!" गल्ली दणाणली.

"शंभरपैकी?"

"चारपैकी गं, माझे आई! ये, गरम आहे तोवर खा."

उम्म हाझिम आली. एक तुकडा खाल्ला, दुसरा खाल्ला. मग दार लोटून हळूच म्हणाली, "आमच्या हाझिमचं... विद्यापीठात एक पॉइंट सहा आलंय. बापाला ठाऊक नाही. रंद आहे का गं घरी?"

इतिदालच्या जिभेवर वर्षभराचे टोमणे तयार होते. तिने ते गिळले. आत जाऊन एक कोरा कागद आणला.

"रंद कशाला? मी आहे ना! बस. आधी सांग, भोपळा कशात मिळालाय?"