तासभर जवळ

आमच्या स्वयंपाकघरात दोन घड्याळं आहेत. एक इथल्या वेळेचं, दुसरं अमेरिकेतल्या लेकीच्या वेळेचं. तिकडे मार्चमध्ये घड्याळ तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरमध्ये मागे. मार्चमध्ये मी काटा पुढे केला की स्टूल धरून उभी असलेली बायको म्हणायची, "आली बघा पोरगी तासभर जवळ." नोव्हेंबरमध्ये ती नुसतंच स्टूल धरायची.

ती गेली, आणि या मार्चमध्ये मी भिंतीला हात टेकून एकट्यानेच काटा सरकवला.

काल लेक फोनवर म्हणाली, "बाबा, उन्हाळ्यातलीच वेळ वर्षभर ठेवायचा कायदा इथे येऊ घातलाय. तुमचं स्टुलावर चढणं वाचेल. या वेळी मात्र उद्या काटा मागे घ्यावा लागेल हं."

सूर्याला यातलं काहीच ठाऊक नसतं. तो त्याच्या वेळेला उगवतो. काटे हलवून कुणाला जवळ आणायचं नि कुणाला लांब लोटायचं, हे सगळं आपलं. पण जे माणूस कुठल्याच घड्याळात उरलं नाही, त्याच्यासाठी कोणता काटा हलवायचा?

आज सकाळी स्टूल घड्याळाखाली नेलं. काटा न हलवताच ते परत जागेवर ठेवलं. त्यांचा कायदा होईल तेव्हा होवो. आमच्या स्वयंपाकघरात तो आजपासून लागू.