सुतळीला बांधलेला साबण

वसंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका ट्रकच्या सीटला टाके घालत होतो. सुई अंगठ्यात घुसली, पण ओरडलो नाही. आमच्या द्वारका चौकात माझा आवाज लागला की ट्रकवाले हॉर्न वाजवायचे थांबतात, अशी माझी ख्याती आहे. ती मीच पसरवली. त्या दिवशी मात्र घशातून नुसती हवा आली... आता महिना उलटलाय, आणि आता राग बाहेर पडतोय.

माझ्या कुशनच्या दुकानाला लागून बॅटऱ्यांचं वर्कशॉप. वसंतानं उभा जन्म तिथे बॅटऱ्या फोडल्या, शिसं वितळवलं. हात कोपरापर्यंत करडे. चार वाजले की शेठ डबा उघडून प्रत्येकाला गुळाचा खडा द्यायचे. "गूळ खा, धूळ पोटात राहत नाय," हे त्यांचं वैद्यक. आणि आमची शहाणी मंडळी त्याच करड्या हातांनी खडा उचलायची, वर बोटं चाटायची! औषध म्हणून विष, तेही गोड करून. फुकटचा गूळ म्हणून मीही त्या रांगेत असायचो.

मग वसंताच्या पोटात मुरडा येऊ लागला. मनगट लुळं पडलं, पाना हातातून गळायचा. रक्त तपासलं तर त्यात शिसं. नर्सनं सुई टोचली आणि वॉर्डातला दिवा लागला, असं मी टपरीवर सांगायचो. सगळे हसायचे, वसंतासुद्धा. डॉक्टरीणबाईंपुढेही तेच सांगितलं, त्या मात्र हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "घरी लहान कोण आहे?"

वसंताची नात रोज संध्याकाळी त्याच्या कामाच्या शर्टावर गाल टेकून झोपायची... तिच्याही रक्तात शिसं निघालं.

त्या दिवसापासून वसंतानं वर्कशॉपला सळो की पळो करून सोडलं. साबणाला भोक पाडून तो सुतळीनं नळाला बांधला, कारण आमच्याकडे साबणालाही पाय फुटतात. पाणी शिंपडल्याशिवाय झाडू मारायचा नाही, आत बिडी ओढायची नाही. कामाचे कपडे तिथेच सोडून, अंघोळ करूनच तो इंदिरानगरला घरी जायचा. आणि गूळ! सोबत काम करणाऱ्या रफिकनं तोंडापाशी नेलेला खडा त्यानं हिसकावून घेतला.

"आधी हात!"

"चाचा, सोवळ्यात आलात की काय?"

"तुझ्या पोरीसाठी रोज काय घरी नेतोस, ते बघ आधी."

आणि मी काय केलं? त्याचं नाव 'साबणशास्त्री' पाडलं आणि चौकभर चालवलं. माझ्या जिभेमुळे कितीजण त्या नळापासून लांब राहिले, देव जाणे. पुढे नातीच्या रक्तातलं शिसं उतरलं. वसंताला मात्र उशीर झाला होता.

धूर बाहेर फेकणारा पंखा लावा, म्हणून तो शेठच्या मागे लागला होता. शेठ म्हणाले, "बघू." ते बघत राहिले आणि वसंताच्या किडन्या गेल्या. शोकसभेत हेच शेठ डोळे पुसत म्हणाले, "वसंता म्हणजे गुळासारखा गोड माणूस!" मी उठून बाहेर आलो, बसून राहिलो असतो तर खुर्ची उचलली असती. म्हणे गोड! अहो, कडू होता तो. किरकिरा होता. नळाशी उभा राहून एकेकाची नखं बघायचा.

परवा चारला सहज तिकडे डोकावलो. साबण सुतळीला लटकत होता, पण कोरडा ठाक, भेगा पडलेला. डबा उघडा होता आणि रफिकचा करडा हात त्यात.

"आधी हात!" माझा तो आवाज अखेर लागला.

शेठ म्हणाले, "तुम्ही कुशनवाले. तुमचा काय संबंध?"

मी डबा उचलून काखेत मारला आणि नळाशी जाऊन उभा राहिलो. "पंखा लागेपर्यंत डबा माझ्याकडे. ज्याला गूळ पाहिजे त्यानं नखं दाखवा."

"चाचा, अब तुम भी?" म्हणत रफिक माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं नळ सोडला. साबण इतका वाळला होता की फेसच येईना.

"चोळ," मी म्हटलं. "अजून चोळ..."

खाली पाणी करडं वाहत होतं.