यादीत नसलेल्या चार ओळी

हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — कोण जाणे.

माजिवड्याच्या आमच्या छोट्या कंपनीत पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर बनतं. रिपोर्ट छापायला बाहेरच्यांनी लिहिलेली एक तयार लायब्ररी, म्हणजे आयता कोड, आम्ही आमच्याच कोडमध्ये ठेवलेली. नियम एकच — तिला हात लावायचा नाही. लावलाच तर फोल्डरमधल्या यादीत नोंद करायची, नाहीतर पुढे नवी आवृत्ती बसवताना आपला बदल पुसला जातो. नियम कोणी केला? मीच.

आणि मोडला मीच. रिपोर्ट दुसऱ्या पानावर गेला की शेवटची ओळ छापलीच जायची नाही. घाईत मी लायब्ररीच्या आतच चार ओळी घातल्या. नोंद उद्या करू म्हटलं. तो उद्या काही आला नाही.

काही वर्षांनी लायब्ररीची नवी आवृत्ती बसवायचं काम वैशालीकडे आलं. मुलीसाठी सहा वर्षं घरी राहून नुकतीच कामाला लागलेली, डोंबिवलीची. तिने यादी पाहिली — कोरी. तरी माझ्या टेबलाशी आली. "सर, आत आपलं काही नाही ना? नाहीतर माझ्या नावाने शिमगा व्हायचा."

मी मान वर न करता म्हटलं, "बिनधास्त बदल गं."

तेव्हा खरंच आठवलं नव्हतं. इथवर फार तर विसरभोळेपणा म्हणा. पण पुढे?

नवी आवृत्ती बसली आणि तीन दिवस दोन पानी रिपोर्ट शेवटच्या ओळीविना गेले. कल्याणच्या एका डॉक्टरांचा फोन आला — पेशंटच्या किडनीच्या तपासणीचा आकडाच नाही. ऐकताक्षणी मला आठवलं. लख्ख आठवलं. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "ही म्हणते, तुम्हाला विचारलेलं. होतं का काही आत?" वैशाली माझ्याकडे बघत होती — घाबरून नाही, भरवशाने.

"माझ्या माहितीत तरी नाही," मी म्हणालो.

जुना कोड ताडून बघितला असता तर दहा मिनिटांत उघड झालं असतं. ते काम साहेबांनी दिलं — मलाच. तासाभरात मी त्याच चार ओळी नव्याने लिहिल्या. यादीत नोंदही केली, त्याच दिवसाची तारीख घालून, जणू त्या आधी नव्हत्याच. साहेब म्हणाले, "अनुभव तो अनुभव." वैशालीला राजीनामा द्यायला लावला. मी शेजारच्याच खुर्चीत होतो.

मागच्या महिन्यात डोंबिवलीत भाजी घेताना भेटली. पुन्हा नोकरी नाही केली म्हणाली. "कोडला हात लावायची भीतीच बसली हो सर. तेव्हा तपासायचं काय राहिलं, अजून कळलेलं नाही. तुम्ही होतात म्हणून निभावलं."

माझ्या हातात मेथीची जुडी होती. काय अडत होतं? साहेब नव्हते, कुणीच नव्हतं.

मी म्हणालो, "होतं गं असं, सगळ्यांच्याच हातून."

तिच्या हातून काहीच झालं नव्हतं. मी मेथी पिशवीत टाकली, घरी आलो. तिचा नंबर माझ्याकडे अजून आहे.