अर्ध्या मैलावरची पेटी

ऑर्फा किट्रेजने उभा जन्म अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या डोंगरात शाळेची बस चालवली. बर्फ असो की चिखल, तिच्या बसमध्ये पोरं चिडीचूप. आणि आता तीच ऑर्फा लेकाच्या घरी खिडकीशी बसून होती आणि तिच्या गाडीची किल्ली सुनेने कुठेतरी ठेवून दिली होती.

झालं होतं एवढंच, की भर थंडीत ती अंगणात घसरली. हाड मोडलं नाही, पण लेक ड्वाइट घाबरला आणि तिला आपल्याकडे घेऊन आला. "बर्फ वितळेपर्यंत," म्हणाला. तिचं घर तिथून जेमतेम अर्धा मैल. मार्च सरत आला, बर्फ वितळला, तरी तिला घरी सोडायचं कुणी नाव काढेना. विचारलं की सून कॉलीन गोड हसून म्हणायची, "इथे काय कमी आहे, आई?" कमी काहीच नव्हतं. सूप वेळेवर, पांघरूण ऊबदार, आणि काळजीपोटी न्हाणीघराच्या दाराची कडीसुद्धा काढून टाकलेली! ऑर्फाचा जीव गुदमरायचा.

"माझी क्रोकसची फुलं फुलली असतील," ती एकदा म्हणाली. "मधमाश्या वाट बघत असतील."

ड्वाइटने ते मनावर घेतलं. त्याच संध्याकाळी तिची मधमाश्यांची पेटी ट्रकमध्ये घालून आणली आणि परसात, तिच्या खिडकीसमोर ठेवली. "घे, आई! आता घरी जायचं कारणच उरलं नाही."

मायेनेच केलं होतं त्याने. म्हणून तर तिला धड ओरडताही येईना. सकाळी काठी टेकत ती पेटीशी गेली. पेटीच्या दारापुढच्या फळीवर क्रोकसच्या परागांची केशरी पूड सांडली होती.

"ड्वाइट, ह्या फुलांवर जाऊन आल्यात रे. पेटी हलवायची तर हातभर, नाहीतर तीन मैल लांब. मधलं काही चालत नाही, जुन्या जागीच परततात. बापाने शिकवलं होतं ना तुला?"

"अगं, हिवाळ्यात विसरतात त्या जुनी जागा."

"बाहेर पडायच्या आधी हलवल्या तर! आता नाही विसरायच्या."

"तू उगाच डोक्याला ताप करून घेतेस," म्हणत तो कामावर गेला.

दुपारी ऊन पडलं. माश्या भराभर निघाल्या आणि परतायचं नाव घेईनात. कॉलीन फोनवर बोलत होती. ऑर्फाने बूट चढवले आणि चिखल तुडवत घराची वाट धरली.

तिच्या घराच्या उन्हाकडच्या भिंतीशी जांभळ्या-पिवळ्या क्रोकसचा ताटवा नुसता गुणगुणत होता. पण पाय केशरी करून निघालेली प्रत्येक माशी, जिच्यावर पेटी असायची त्या रिकाम्या विटांच्या चौथऱ्यापाशी यायची आणि तिथेच घिरट्या घालत राहायची. ऊन कललं तशा त्या विटांवर एकमेकींना बिलगून बसल्या. काही गारठून खाली पडू लागल्या. ऑर्फाने दार उघडायला किल्ली काढली, तर दाराला नवं कुलूप. ती पायरीवर बसली आणि ढसाढसा रडली.

कॉलीनने कळवलं असणार, ड्वाइट आला. विटांकडे बघून त्याचे कान लाल झाले. तो ट्रकने जाऊन पेटी घेऊन आला आणि पुन्हा जागेवर ठेवली. माश्या चालत चालत आत शिरू लागल्या.

"चुकलंच माझं," तो म्हणाला. "त्यांचं घर इथेच आहे. आता नाही हलवणार."

"आणि माझं?"

"तू काय माशी आहेस? चल, गारठा वाढतोय."

त्याने तिला धरून ट्रकमध्ये बसवलं, पट्टाही स्वतःच लावला. आतल्या उबेने तिच्या बाहीत अडकलेली एक माशी जागी झाली आणि काचेवर धडका देऊ लागली. ऑर्फाने काचेचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं.

"ते बंद ठेवलंय, आई. आमची पोरं बटणांशी चाळे करतात."

त्याने आपल्या बाजूने तिची काच चार बोटं खाली घेतली. माशी निघून गेली. त्याने काच परत वर केली.